म्युझिक व्हिडिओची सुरुवात नक्की कुठून धरायची? मंडळाच्या कार्यक्रमासाठी मदत हवी

कोपरीकर
नमस्कार मंडळी, ठाण्यात कोपरीला राहतो. आमच्या सोसायटीच्या गणपतीत यंदा ऑर्केस्ट्राऐवजी एक संध्याकाळ गाण्यांच्या व्हिडिओंवर करायचं ठरलंय, पडद्यावर क्लिपा दाखवायच्या आणि मधेमधे थोडं बोलायचं, दीड तासात बसवायचंय. पण सुरुवातीलाच घोडं अडलंय. कॉलेजची पोरं म्हणतात १९८१ला अमेरिकेत एमटीव्ही हे गाण्यांचं चॅनल आलं तिथून धरा. वडिलांच्या वयाचे लोक म्हणतात आपल्याकडे दूरदर्शनवर सिनेमाच्या गाण्यांचे छायागीत चित्रहार होतेच की, ते काय वेगळं होतं? आणि बायकोचं माहेर बेलापूरचं, दिवाळे कोळीवाड्याचं, ती म्हणते कोळीगीतांचे व्हिडिओ घेतले नाहीत तर कार्यक्रम अर्धवट. मला तिघांचंही पटतंय आणि त्यामुळे यादीच होत नाहीये. कुठून सुरू करू आणि धागा कसा लावू?

रेकॉर्डप्रेमी, घोडबंदर रोड
एमटीव्हीपासून तर अजिबात नको. माझं ऐकाल तर १९४० पासून सुरू करा. तेव्हा अमेरिकेत पॅनोरम नावाचं मशीन आलं, शिकागोच्या मिल्स नॉव्हेल्टी कंपनीचं, म्हणजे कपाटाएवढं लाकडी खोकं आणि वरच्या बाजूला पडदा, बारमध्ये वगैरे ठेवलेलं असायचं. दहा सेंटचं नाणं टाकायचं की तीनेक मिनिटांचं एक गाणं चालू, या फिल्मांना साउंडी म्हणायचे. आत १६ एमएम रुंद फिल्मचं रीळ, त्यावर आठ गाणी एकामागोमाग एक फिरत असायची, त्यामुळे आपल्याला पाहिजे ते गाणं लावायची सोयच नाही, पुढचं जे असेल ते बघा. आणि प्रोजेक्टरचा उजेड खोक्यातल्या खोक्यात आरशांवरून फिरवून मागून पडद्यावर पाडायचा म्हणून फिल्मची प्रिंटच उलटी काढावी लागायची. ड्यूक एलिंग्टन, फॅट्स वॉलर या जॅझवाल्यांच्या साउंडी आहेत, एक तरी दाखवाच. १९४७ च्या सुमाराला तो धंदा बसला. पुढे १९६० मध्ये फ्रान्समध्ये स्कोपिटोन नावाचं तसंच मशीन आलं, ते रंगीत होतं आणि त्यात गाणं निवडता यायचं.

हे एवढं सांगतोय कारण मला वाटतं धागा हाच आहे. गाणं कशावर बघायचं ती वस्तू बदलली आणि पैसे कोण देणार ते बदललं की व्हिडिओचं रूपच पालटतं. पॅनोरममध्ये बघणारा पैसे देत होता. १९७५ मध्ये क्वीन या ब्रिटिश बँडने बोहेमियन ऱ्हॅप्सडीचा व्हिडिओ केला तो बीबीसीच्या टॉप ऑफ द पॉप्स या गाण्यांच्या टीव्ही कार्यक्रमासाठी, स्टेजवर उभं राहून नुसते ओठ हलवून ते गाणं निभावणं कठीण होतं आणि बँड दौऱ्यावर जाणार होता. साधारण चार तासांत, साडेचार हजार पौंडांत काम झालं. म्हणजे बँड जागेवर नसताना टीव्हीवर त्याची जागा भरायची. १ ऑगस्ट १९८१ला एमटीव्ही सुरू झालं तेव्हा रेकॉर्ड कंपन्यांनी व्हिडिओ त्यांना फुकट दिले, कारण कंपनीच्या लेखी ती रेकॉर्डची जाहिरात होती. पहिलं गाणं बगल्सचं, रेडिओच्या गायकाला व्हिडिओने मारलं असं सांगणारं, ते पोरांना माहीत असेलच.

मायकल जॅक्सनचं थ्रिलर मात्र आवर्जून ठेवा, डिसेंबर १९८३, जवळपास १४ मिनिटांचा. एवढा खर्च कोण करणार असा प्रश्न होता तेव्हा शूटिंग कसं झालं त्याचीच वेगळी फिल्म बनवून ती एमटीव्ही आणि शोटाइम या टीव्ही चॅनलना विकली आणि पैसा उभा केला. आणि १९८५ चं आहा या नॉर्वेच्या बँडचं टेक ऑन मी. त्यात पेन्सिलची चित्रं हलतात ना, तर आधी माणसांवर खरं शूटिंग केलंय आणि मग एकेक फ्रेम कागदावर हाताने काढलीय, सुमारे ३००० फ्रेमा, १६ आठवडे. चित्रातला हात कागदाबाहेर येतो तिथे थांबवून दाखवा, रेषांची थरथर दिसते, कारण प्रत्येक चित्र नव्याने काढलेलं आहे.

वाशीकर ताई
रेकॉर्डप्रेमी काका, मस्त लिहिलंत. पण कोपरीकर दादा, छायागीतवाल्या ज्येष्ठांचं म्हणणं उडवून लावू नका हो. आपल्याकडे गाणं बघायची सवय बोलपटांइतकीच जुनी आहे. पहिला मराठी बोलपट अयोध्येचा राजा १९३२ चा, तेव्हा नट सेटवर स्वतःच गायचे आणि माइक जवळ ठेवावा लागायचा म्हणून फार हलता यायचं नाही. १९३५ पासून पार्श्वगायन आलं, गाणं आधी रेकॉर्ड आणि शूटिंगला लाउडस्पीकरवर लावून ओठ हलवायचे, आणि मग कॅमेरा मोकळा झाला, डोंगरावर न्या नाहीतर होडीत न्या. म्युझिक व्हिडिओचं तंत्र तेच की! फरक एवढाच की ते गाणं सिनेमाच्या पोटात होतं. छायागीत, चित्रहारने ते सिनेमातून काढून सुटं घरात आणलं.

सिनेमाबाहेरच्या गाण्याचा व्हिडिओ म्हणाल तर माझ्यासाठी पहिलं नाव मिले सुर मेरा तुम्हारा, १९८८. माझ्या तुमच्या जुळता तारा ही ओळ लागली की आमच्या घरी सगळे एका सुरात म्हणायचे. मग गाण्यांची चॅनलं आली, १९९४ला चॅनल व्ही, १९९६ला एमटीव्ही इंडिया. त्यांना दिवसभर दाखवायला गाणी हवी होती आणि त्यातून इंडीपॉप, म्हणजे सिनेमाबाहेरची पॉप गाणी, फोफावलं, अलिशा चिनॉयचं मेड इन इंडिया १९९५ चं, मिलिंद सोमण घराघरात पोचला तो त्यातूनच. दलेर मेहंदीचं तुनक तुनक तुन १९९८ चं, त्यात पडद्यावर चार चार दलेर, पृथ्वी पाणी अग्नी वारा, आणि बाई एकही नाही. लोक म्हणायचे याची गाणी चालतात ती सुंदर मुलींमुळे, त्याला हे असं उत्तर दिलं असं सांगतात. आजही बघताना अंगात येतं माझ्या.

मराठीला स्वतःचं गाण्यांचं चॅनल मिळायला मात्र २०११ उजाडलं, ९एक्स झकास. एवढा उशीर व्हायला नको होता, याचं मला अजून वाईट वाटतं, कारण मधल्या वर्षांत कितीतरी चांगले मराठी अल्बम नुसते ऐकूनच राहिले.

कॅमेरा असिस्टंट, ऐरोली
वहिनींचं एकदम बरोबर आहे दादा, कोळीगीत पाहिजेच! ठाणे नवी मुंबईत राहून ते वगळणं मला पटत नाही. व्हीसीडीच्या, म्हणजे व्हिडिओच्या चकत्यांच्या काळात दुकानदाराला अख्खा अल्बम विकायचा असायचा म्हणजे आठ-दहा गाणी, आणि प्रत्येकाला चित्र पाहिजेच, मग एकाच बीचवर नाहीतर एकाच बागेत कपडे बदलून बदलून सगळी गाणी उरकायची. त्या व्हिडिओंना लोक नावं ठेवतात पण बजेट एका गाण्याचं आणि गाणी दहा, करणार काय. यूट्यूब आल्यावर एकच गाणं सोडता यायला लागलं, सगळा पैसा त्या एका गाण्यात, आणि व्ह्यूजचे पैसे थोडे का होईना परत येतात. म्हणजे काका म्हणतात तेच, आधी व्हिडिओ अल्बमची जाहिरात होता, आता व्हिडिओच माल आहे. म्हणून तर आगरी-कोळी पोरं स्वतः चॅनल काढून हळदीची गाणी करतात आणि ती मे महिन्यात गावागावात डीजेवर वाजतात.

शूटिंगची एक गंमत सांगतो, कार्यक्रमात दाखवता येईल. जेट्टीवर जाळं फेकतानाचा स्लो मोशन शॉट असतो आणि हिरो त्यात गातोय आणि ओठ बरोबर जुळतात, कसं? गाणं स्पीकरवर दुप्पट वेगात लावतात, चिरक्या आवाजात, आणि हिरोने त्याच वेगात भराभर ओठ हलवायचे. कॅमेरा सेकंदाला ५० फ्रेमवर. एडिटला ते २५ वर चालवलं की ओठ मूळ गाण्यावर येऊन बसतात आणि जाळं मात्र हवेत सावकाश पसरतं. शूटिंग बघायला गावातली म्हातारी माणसं येतात ना, त्यांना आधी काही कळत नाही, मग मॉनिटरवर दाखवलं की टाळ्या वाजवतात.

आणि २०२० नंतरचं विसरू नका. जूनअखेर टिकटॉक बंद झालं, जुलैत इन्स्टाग्रामवर रील्स आलं आणि तेव्हापासून आमच्याकडे प्रोड्युसर आधी विचारतो हुक स्टेप, म्हणजे लोकांनी उचलावी अशी नाचाची स्टेप, कुठंय. गुलाबी साडी २०२४ मध्ये गाजलं ते आधी रीलवरच, पूर्ण व्हिडिओ कितीजणांनी बघितला असेल देव जाणे.

कोपरीकर
तिघांचेही मनापासून आभार! पॅनोरमपासून सुरू करून दिवाळ्यापर्यंत आणतो, मधे अयोध्येचा राजा आणि मिले सुर. आता शेवटचं, जुने व्हिडिओ मोठ्या पडद्यावर बारके दिसतात, ते ताणून पूर्ण पडदा भरू का?

कॅमेरा असिस्टंट, ऐरोली
अजिबात ताणू नका दादा, माणसं जाडी दिसतात. जुन्या टीव्हीचे सगळे ४:३ आहेत, म्हणजे रुंदी चार तर उंची तीन, दोन्ही बाजूंना काळं राहू द्या. रील उभे असतात, ते तीन शेजारी शेजारी लावा म्हणजे पडदा भरतो आणि आवाज फक्त मधल्याचा ठेवा. प्रोजेक्टर आदल्या रात्रीच मांडवात लावून बघा, लायटिंगच्या माळा चालू ठेवून, नाहीतर ब्लॅक अँड व्हाइट साउंडीमधलं काहीच दिसणार नाही.