मदत हवी आहे: बाबांचा क्वचित वापरातला प्रीपेड नंबर चालू कसा ठेवावा?

नमस्कार मंडळी,

माझे बाबा एसटीतून निवृत्त झाले, वय अठ्ठ्याहत्तर. त्यांच्याकडे कीपॅडचा साधा फोन आहे आणि त्यात त्यांचा जुना प्रीपेड नंबर. डेपोतले सहकारी, भावकी, गुहागर तालुक्यातल्या आमच्या वाडीतली माणसं, सगळ्यांकडे हाच नंबर लिहिलेला आहे. आता आईबाबा वर्षातला बराच काळ डोंबिवलीला माझ्याकडे असतात. इथे त्यांना स्मार्टफोन आणि दुसऱ्या कंपनीचं सिम घेऊन दिलंय, रोजचं बोलणं आणि व्हॉट्सॲप त्यावरच. जुना फोन कपाटात असतो. गणपतीत आणि मे महिन्यात गावी गेलो की मात्र तोच लागतो, कारण घरात बसून रेंज मिळते ती त्याच एका कंपनीची. दुसरीसाठी वरच्या रस्त्यापर्यंत चढून जावं लागतं, आणि बाबांना आता ते जमत नाही.

अडचण रिचार्जची आहे. दर अठ्ठावीस दिवसांनी १९९ रुपये भरायचे, तेही ज्या नंबरावर महिन्याला दोन-चारच फोन येतात त्यासाठी. बाबा म्हणतात, बंद करून टाक. पण बँक, आधार, गॅस सगळं त्याच नंबराला जोडलेलं आहे. शिवाय जुन्या सहकाऱ्यांपैकी कुणाचा फोन आला की त्यांचा दिवस चांगला जातो, तेवढ्यासाठी तरी तो राहावा असं मला मनापासून वाटतं.

खात्यात वीस रुपये ठेवले की सिम नव्वद दिवस बंद होत नाही, असा निरोप व्हॉट्सॲपवर फिरतोय. तो खरा आहे का? प्लॅन संपल्यावर ओटीपी येत राहतात का? इंटरनेट नसलेला, लांब मुदतीचा प्लॅन मिळतो का? की सरळ पोर्ट करून दुसऱ्या कंपनीत जावं? ज्यांनी घरातल्या वडीलधाऱ्यांसाठी हे केलंय त्यांनी कृपया सांगा.

– केवडा

सुपारीबाग:
वीस रुपयांचा नियम खरा आहे, पण त्या निरोपातून त्याचा अर्थ चुकीचा पोचतो. नियम नवा नाही, ट्रायने (दूरसंचार नियामक संस्थेने) तो २०१३ साली आणला. सलग नव्वद दिवस वापर झाला नाही तरच कंपनी प्रीपेड नंबर काढून घेऊ शकते, त्याआधी नाही. आणि नव्वद दिवस झाले तेव्हा मुख्य शिलकीत वीस रुपये असतील, तर तेवढे कापून नंबर आणखी तीस दिवस राखून ठेवायचा. पुन्हा वीस असतील तर पुन्हा तीस दिवस. शिल्लक संपून नंबर बंद झालाच, तर तो सोडवून घ्यायला आणखी पंधरा दिवसांची सवलत असते.

पण ही सगळी तरतूद नंबर तुमच्या नावावर राहण्यापुरती आहे. सेवा चालू राहील असं त्यात कुठेही म्हटलेलं नाही. प्लॅनची मुदत संपली की आधी जाणारे कॉल बंद होतात, मग येणारेही. म्हणजे वीस रुपयांत नंबर वाचतो, ओटीपी मिळेलच असं नाही. तुम्हाला दोन्ही हवंय, तेव्हा फक्त शिलकीवर विसंबू नका.

वापर कशाला म्हणायचं तेही पाहून घ्या. आलेला किंवा केलेला कॉल, पाठवलेला एसएमएस, इंटरनेटचा वापर, हे धरतात. नुसता आलेला एसएमएस धरत नाहीत. त्यामुळे महिनाभर ओटीपी आले म्हणून फोन वापरात आहे असं समजू नका. अधूनमधून त्या फोनवरून एक कॉल करत जा.

पारिजात_ठाणे:
प्लॅन संपल्यावरच्या ओटीपीबद्दल घरचा अनुभव सांगते. सासूबाईंच्या नंबरावर मुदत संपल्यानंतर थोडे दिवस कॉल आणि मेसेज येत राहिले, म्हणून आम्ही निश्चिंत होतो. मग एक दिवस बँकेचा ओटीपी येईना. कंपनीच्या दुकानात विचारलं तर म्हणाले, मुदत संपून बरेच दिवस झाले, आता येणारंही सगळं बंद आहे. रिचार्ज केल्यावर लगेच सुरू झालं. नंबर गेला नव्हता, पण ऐन कामाच्या वेळी अडलं.

केवडा:
सुपारीबाग, इतकं नीट समजावल्याबद्दल मनापासून आभार. नंबर राहणं आणि सेवा चालू राहणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे मला कुणीच सांगितलं नव्हतं. मग मुख्य शिलकीत वीस रुपये येण्यासाठी वीसचा टॉप-अप मारला की झालं ना?

सुपारीबाग:
नाही, पुरत नाही. वीसच्या टॉप-अपमधून जीएसटी आणि प्रक्रिया शुल्क वजा होऊन १४ रुपये ९५ पैशांचा टॉकटाइम मिळतो. दहाचा मारला तर ७ रुपये ४७ पैसे. तेव्हा वीसचे दोन मारा, जवळजवळ तीस रुपये शिल्लक राहते. आणि ही रक्कम मुख्य शिलकीतच हवी. प्लॅनबरोबर मिळणारी मिनिटं आणि एसएमएस त्यात मोजत नाहीत.

मोडीवाचक:
लांब मुदतीच्या प्लॅनबद्दल. २३ डिसेंबर २०२४ ला ट्रायने नियमात दुरुस्ती केली. प्रत्येक कंपनीने फक्त कॉल आणि एसएमएस असलेलं किमान एक व्हाउचर (म्हणजे रिचार्जचा प्लॅन) द्यायलाच हवं, असं त्यात आलं. अशा विशेष व्हाउचरची कमाल मुदतही नव्वद दिवसांवरून ३६५ दिवस केली. तुमच्या बाबांसारख्या, इंटरनेट न लागणाऱ्या माणसांसाठीच हा बदल होता आणि तो फार गरजेचा होता. त्याआधी साधा फोन वापरणाऱ्यालाही डेटाचे पैसे मोजावे लागत.

जानेवारी २०२५ मध्ये हे प्लॅन आले. एअरटेलचा १,८४९ रुपयांत ३६५ दिवस, अमर्याद कॉल आणि ३,६०० एसएमएस. लहान मुदतीचा ४६९ रुपयांत ८४ दिवस. व्हीआयचाही वर्षाचा १,८४९ चाच. जिओचा १,७४८ रुपयांत ३३६ दिवस आणि ४४८ रुपयांत ८४ दिवस. हे त्या वेळचे दर आहेत. दर बदलत असतात, म्हणून पैसे भरण्याआधी कंपनीच्या स्वतःच्या ॲपवर ताजा आकडा पाहा.

आता हिशेब करा. १९९ चा रिचार्ज वर्षात तेरा वेळा, म्हणजे २,५८७ रुपये. वर्षाच्या प्लॅनने ७३८ रुपये वाचतात आणि दर अठ्ठावीस दिवसांची आठवण ठेवावी लागत नाही. बाबांना ‘महिन्याला दीडशे’ असं सांगा, पटेल.

एक सूचना. पैसे भरण्याच्या इतर ॲपांवर डेटाचे प्लॅन वर असतात आणि हे व्हाउचर बरंच खाली सापडतं. कंपनीच्या ॲपमध्ये किंवा गावच्या रिचार्जवाल्याकडे ‘फक्त कॉल-एसएमएसवाला’ असं स्पष्ट मागा.

मस्कतकर:
धाग्याच्या विषयाला थोडं बाजूचं, पण परदेशातल्या वाचकांना उपयोगी पडेल. भारतातला नंबर इथे रोमिंगवर ठेवला की येणाऱ्या एसएमएसचे पैसे पडत नाहीत, त्यामुळे बँकेचे ओटीपी मिळतात. मात्र आंतरराष्ट्रीय रोमिंग भारतातून निघण्याआधीच चालू करून घ्यावं आणि त्या सिमवरचा डेटा बंद ठेवावा. केवळ यूपीआयसाठी भारतीय नंबर जपणाऱ्यांसाठी आणखी एक वाट आहे. जानेवारी २०२३ मध्ये यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआयने ओमान, अमिराती, अमेरिका, ब्रिटन, सिंगापूर अशा दहा देशांतले नंबर अनिवासी भारतीयांच्या एनआरई-एनआरओ खात्यांच्या यूपीआयसाठी चालतील असं ठरवलं. आपली बँक ते देते का, तेवढं विचारायचं.

घाटावरची:
केवडाताई, प्लॅनच्या आधी एक काम करा. त्या नंबराला काय काय जोडलंय ते एका कागदावर लिहून काढा आणि जे हलवता येईल ते रोजच्या नंबरावर न्या. कारण नंबर एकदा हातातून गेला की तो नव्वद दिवसांनंतर दुसऱ्या कुणालाही मिळू शकतो. नोव्हेंबर २०२३ मध्ये हाच विषय सर्वोच्च न्यायालयासमोर होता. नव्वद दिवस नंबर कुणाला देत नाहीत असं ट्रायने तिथे सांगितलं, आणि जुन्या नंबरावरचा व्हॉट्सॲपचा डेटा आधीच काढून घेणं ही ग्राहकाची जबाबदारी आहे असं न्यायालयाने म्हटलं. बँकेचे मेसेज परक्याच्या हातात जाणं किती धोक्याचं, हे वेगळं सांगायला नको.

आधारसाठी केंद्रावर जाता येतं. तिथे बोटाचा ठसा चालतो, जुन्या नंबराचा ओटीपी लागत नाही. पोस्टमनही इंडिया पोस्ट पेमेंट्स बँकेमार्फत घरी येऊन नंबर बदलून देतात, थोडं शुल्क घेतात. बाबांना हे सोपं पडेल. बँकेत स्वतः जाऊन अर्ज द्यावा. गॅस मात्र विसरू नका. सिलिंडर घरी येतो तेव्हा डिलिव्हरीचा कोड नोंदवलेल्या नंबरावर येतो, आणि तो फोन कपाटात बंद असेल तर दारात आलेल्या माणसाला थांबवून ठेवावं लागतं.

बाबा एसटीतले, म्हणजे भविष्य निर्वाह निधीतली ईपीएस-९५ ची पेन्शन असेल. त्यांना हयातीचा दाखला वर्षातून कधीही देता येतो आणि तो दिल्यापासून वर्षभर चालतो. जीवन प्रमाण, म्हणजे हा दाखला डिजिटल पद्धतीने, भरताना रोजचा नंबर द्या.

आणि ते सिम कुणाच्या नावावर आहे? त्या काळी अनेकांनी मुलाच्या, भावाच्या किंवा दुकानदाराने सुचवलेल्या कागदांवर सिम घेतली. हरवलं किंवा खराब झालं तर बदली सिम ज्याच्या नावावर आहे त्यालाच मिळतं.

केवडा:
हे फार मोलाचं सांगितलंत. नावाचा मुद्दा माझ्या डोक्यातच नव्हता. कसं तपासायचं?

मोडीवाचक:
संचार साथी नावाचं दूरसंचार विभागाचं संकेतस्थळ आहे, २०२३ च्या मे महिन्यात सुरू झालं. तिथे बाबांचा नंबर टाकून ओटीपी दिला की त्यांच्या नावावर असलेल्या जोडण्यांची यादी दिसते. अनोळखी नंबर दिसला तर तिथेच तक्रार नोंदवता येते. शंका राहिली तर कंपनीच्या दुकानात ओळखपत्र दाखवून विचारा.

रातांबा:
पोर्ट करण्याबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. तुमच्या बाबतीत पोर्ट करू नका. वाडीत रेंज त्याच कंपनीची आहे हे तुम्हीच लिहिलंय, आणि कोकणात खोऱ्याखोऱ्याला रेंज बदलते. स्वस्त प्लॅनपायी गावच्या घरात फोन लागला नाही तर बाबांचा नंबर असून नसल्यासारखा.

दुसरं म्हणजे फोन. कीपॅडचा जुना फोन टूजीवर चालतो. जिओचं जाळं फोरजीपासून पुढचं आहे, त्यांचं सिम अशा फोनमध्ये चालत नाही. त्यासाठी फोरजी चालणारा कीपॅडचा फोन घ्यावा लागतो. एअरटेल, व्हीआय, बीएसएनएल यांचं टूजी चालतं. आणि पोर्ट करताना जुन्या कंपनीतली शिल्लक बुडते, हेही धरून चाला.

तरीही कुणाला पोर्ट करायचंच असेल तर नंबर चालू असतानाच करा. १९०० वर पोर्टचा एसएमएस पाठवला की कोड येतो. तो एसएमएस त्याच नंबरावरून जायला हवा, म्हणजे नंबरच बंद झाल्यावर ही वाट उरत नाही. सिम नुकतंच बदललं असेल तर सात दिवस कोड मिळत नाही, हा नियम जुलै २०२४ पासून आहे.

पारिजात_ठाणे:
डोंबिवलीत असताना ते सिम बाबांच्या स्मार्टफोनच्या दुसऱ्या खाचेत का नाही घालत? मग जुन्या सहकाऱ्यांचे फोन थेट त्यांना येतील आणि वापरही आपोआप होत राहील.

केवडा:
दुसऱ्या खाचेत मेमरी कार्ड आहे. त्या फोनमध्ये एका वेळी सिम किंवा कार्ड, दोन्हीपैकी एकच बसतं.

पारिजात_ठाणे:
मग कार्डावरचे फोटो संगणकावर काढून घ्या आणि ती जागा सिमला द्या. डेटा कायम रोजच्या सिमवर ठेवायचा, जुन्या सिमचा बंद. कॉल-एसएमएसच्या प्लॅनमध्ये डेटा नसतो, चुकून चालू राहिला तर मुख्य शिलकीतले पैसे जातील. सिमचा आकार बघा. जुनं मोठं सिम असेल तर कापत बसू नका, दुकानातून नवं बदलून घ्या. त्यात मोठ्या, मधल्या आणि लहान अशा तिन्ही आकारांच्या खुणा असतात, गावी गेल्यावर तेच चौकटीत बसवून कीपॅडच्या फोनमध्ये घालता येतं. ती चौकट जपून ठेवा. ई-सिम (कार्डाशिवायचं, फोनमध्येच साठवलेलं सिम) मात्र करू नका, ते कीपॅडच्या फोनमध्ये जाणार नाही.

सुपारीबाग:
एकदम योग्य सल्ला. कीपॅडचा फोन रिकामा ठेवताना बॅटरी निम्म्याच्या आसपास चार्ज करून, काढून ठेवा. गावी निघायच्या आदल्या दिवशी घालून पाहा. फुगलेली दिसली तर चार्जिंगला लावू नका, बदला.

केवडा:
सगळ्यांचे मनापासून आभार. काय केलं ते लिहिते, इतरांना उपयोग होईल. संचार साथीवर पाहिलं, सिम बाबांच्याच नावावर आहे. दुकानातून सिम बदलून घेतलं आणि ते आता त्यांच्या रोजच्या फोनमध्ये आहे. वर्षाचा कॉल-एसएमएसचा प्लॅन मारला, शिवाय वीसचे दोन टॉप-अप. गॅस एजन्सीत नवा नंबर दिला, बँकेत अर्ज दिलाय, आधारसाठी पोस्टात सांगून ठेवलंय. पोर्टचा विचार सोडला.

डेपोतल्या एका काकांचा फोन आलाही. बाबा बराच वेळ बोलत होते.

एकच राहिलं. वर्षाच्या प्लॅनची मुदत संपण्याआधी पुढचा रिचार्ज केला तर उरलेले दिवस फुकट जातात का?

मोडीवाचक:
सहसा नाही, नवा प्लॅन रांगेत राहतो आणि आधीचा संपला की सुरू होतो. पण सगळ्याच व्हाउचरांना हे लागू नसतं. पैसे भरण्याआधी त्या प्लॅनच्या तपशिलात वाचा किंवा ग्राहक सेवेला विचारा. संपण्याची तारीख तुमच्या स्वतःच्या फोनच्या कॅलेंडरमध्ये आठवडाभर आधीची सूचना लावून ठेवा, कारण कंपनीचे आठवणीचे मेसेज बाबांच्या फोनवर येतील, तुमच्या नाही.