मदत हवी आहे: सुपर मीटिऑर ६५०वर व्हीली मारताना मागच्या ब्रेकवरून पाय सुटतो

नमस्कार मंडळी,

रॉयल एनफिल्ड सुपर मीटिऑर ६५० आहे आणि व्हीली, म्हणजे पुढचं चाक उचलून मागच्या चाकावर गाडी चालवणं, याच गाडीवर शिकायची आहे. केटीएमची ड्यूक घे असं बऱ्याच जणांनी सांगून झालंय, पण मला क्रूझरच आवडते. मित्राच्या गोदामाचं बंदिस्त काँक्रीटचं आवार आहे, तिथेच सराव करतो. हेल्मेट, जॅकेट, गुडघ्याचे गार्ड असतात. रस्त्यावर करणार नाही. धोकादायक गाडी चालवण्याबद्दलचं मोटार वाहन कायद्याचं कलम १८४ आहेच, पण आमच्या रस्त्यावर सायकलवरून पोरं शाळेत जातात, तिथे हे करायची कल्पनाच सहन होत नाही.

मित्राची जुनी ३९० ड्यूक पहिल्या गिअरमध्ये क्लच झटकन सोडला की लगेच उठते. तिचा व्हीलबेस (दोन चाकांमधलं अंतर) १३५७ मिमी, माझीचा १५००, आणि वजन २४१ किलो. टॉर्क ५२.३ न्यूटन-मीटर असला तरी तो मिळतो ५६५० आरपीएमला. चार-साडेचार हजारावर क्लच अर्धा ओढून सोडला की चाक वीतभर उठतं आणि धप्पकन आपटतं. पुढच्या चाकाचा फोर्क (सस्पेन्शनच्या नळ्या) पार आत बसतो, मनगटांना दणका बसतो. आता फोर्कच्या खालच्या चकचकीत नळीवर तेलाची पुसट कडी दिसायला लागली आहे.

त्याहून मोठी अडचण पायाची. या गाडीचे फूटपेग पुढे आहेत. चाक उठलं की अंग मागे जातं, गुडघा सरळ होतो आणि उजवा पाय ब्रेकच्या पेडलवरून निसटतो. उठलेलं चाक मागच्या ब्रेकनेच खाली आणतात, मग गाडी जास्तच उठली तर ती खाली आणायची कशाने? मागचं स्प्रॉकेट (चेनचं दातेरी चक्र) मोठं टाकून उपयोग होईल का? आणि गाडी तिरकी असताना इंजिनला तेल नीट पोचतं का?

प्रतिसाद:

भाऊ, पायाचा प्रश्न सुटेपर्यंत चाक अजिबात उचलू नकोस. आधी पहिल्या गिअरमध्ये चालण्याच्या वेगाने गाडी घे, थ्रॉटल किंचित उघडा ठेव आणि फक्त मागच्या ब्रेकने वेग कमी-जास्त कर. अंग मुद्दाम मागे टाकून कर. पाय तिथेही सुटत असेल तर पेडलची उंची बदलून बघ. कॅलिफोर्नियात हार्ले डायनावर व्हीली मारणाऱ्यांचे व्हिडिओ पाहिले असशील, त्यांचे पेग बघ. ते मध्यावर असतात, पायाखाली. वजन त्यांच्याही गाडीला भरपूर आहे, पण ब्रेक कायम तळव्याखाली.

आपटते कारण चाक खाली येताना तू थ्रॉटल पूर्ण बंद करत असणार. टेकेपर्यंत थोडा उघडा ठेव आणि हँडल सरळ.

फोर्कमधलं तेल अडवणारं सील आधी बदल, ती कडी त्याच्याच गळतीची. तुझा फोर्क उलटा आहे (जाड नळी वर, चकचकीत खाली), गळणारं तेल खाली कॅलिपर आणि डिस्ककडेच ओघळतं. एकदा डिस्कवर आलं की पुढचा ब्रेक गेलाच म्हणून समज.

इंजिन वेट संपचं आहे, म्हणजे तेल इंजिनच्या तळाशीच साठतं आणि पंप तिथूनच ओढतो. क्षणभराच्या उचलीने काही होत नाही, पण गाडी बराच वेळ मागच्या चाकावर ठेवलीस तर तेल मागे सरकतं आणि पंप हवा ओढू शकतो. पातळी वरच्या खुणेजवळ असू दे, त्यावर नको. स्प्रॉकेटने गाडी नक्की सहज उठेल, आणि म्हणूनच ते सगळ्यात शेवटी.

धागाकर्ता:

दादा, मनापासून आभार. थ्रॉटलचं अगदी बरोबर, मी तो बंदच करतो. सील बदलून होईपर्यंत गाडी आवारात नेत नाही, त्यानंतर फक्त ब्रेकचा सराव. कुणी सुपर मीटिऑरला पेग मागे घेणारा किट बसवला आहे का? ब्रेकचा दांडा वेल्डिंग करून जोडलेला नको आहे. तयार, बोल्टवर बसणारा असेल तर अनुभव सांगा, फोटो टाकलेत तर फारच बरं.