कामेन रायडर हिबिकी : मध्येच बिघडली हे मान्य, तरी माझं मत तिलाच

रानभूत
'हिबिकी' या जपानी सुपरहिरो मालिकेचं (२००५-०६, ४८ भाग) नाव काढलं की कोणीतरी म्हणतंच, "निर्माता मध्येच बदलला, ती ना?" तीच. ३०व्या भागापासून ताकातेरांच्या जागी शिराकुरा आले, लेखन तोशिकी इनोउएंकडे गेलं आणि मालिकेची चालच पालटली. म्हणून सगळीच मोडीत काढायची?

नायक हिबिकी ३१ वर्षांचा. अपघाताने शक्ती मिळालेली नाही, की दुष्टांनी पळवून अंगात यंत्रं बसवलेली नाहीत. मेहनतीने शरीर कमावलं म्हणून तो ओनी (राक्षसांशी लढणारा योद्धा) होतो, बस. नादकाटा वाजवून कपाळाशी नेला की रूप बदलतं आणि त्या आगीत अंगावरचे कपडे जळतात! त्यामुळे लढाई संपली की गडी फक्त चेहरा पूर्ववत करतो आणि आधी कपडे शोधतो. नावात 'रायडर', पण बराच काळ बाइकच नाही, गाडी दुसरंच कोणीतरी चालवतं. ओनींच्या संघटनेचा कारभार टोकियोमधल्या शिबामातातल्या गोडाच्या दुकानातून. राक्षसाच्या अंगावर ढोल चिकटवायचा आणि दोन काठ्यांनी तो फुटेपर्यंत बडवायचा. (ढोल-पथकात घाम गाळलेल्यांना ही दृश्यं जास्त कळतील.)

शक्ती नाही, सराव दाखवणारी दुसरी सुपरहिरो मालिका सांगा.

तिरकस_तात्या
असहमत. सराव कसला, ठरलेला साचा! जंगल, राक्षस, ढोल, फुटला. पुढच्या जोडभागात पुन्हा जंगल. रविवारी सकाळी आठला जपानी पोरं टीव्हीसमोर बसायची ती मारामारीसाठी. त्यांना मिळाला आसुमू हा पोरगा, जो हायस्कूलच्या प्रवेशाची काळजी करत हिबिकीकडे टकामका बघतो. सुरुवातीला शीर्षकगीतालाही शब्द नव्हते. आणि ते संगणकावरचे अजस्र कोळी-खेकडे आज बघवत नाहीत.

रानभूत
तात्या, खेकड्यांबद्दल भांडत नाही. पण आसुमूच तर मुद्दा आहे. दूरदर्शनवर 'जायंट रोबोट' बघितलेल्यांना आठवेल, तिथे मनगटातल्या घड्याळावर हुकूम सोडला की रोबोट धावून यायचा. म्हणजे ताकद पोराच्याच हातात. इथे पोराच्या हातात काही नाही. समोर एक नीट वागणारा मोठा माणूस आहे, एवढंच. पंधराव्या वर्षी तेवढं पुरतं.

झांकी_फॅन
तुम्ही दोघंही २९व्या भागातच अडकलात. कोणी म्हणायला तयार नाही, तर मी म्हणते : उत्तरार्ध जास्त चांगला आहे. तोदोरोकी हा तरुण ओनी जायबंदी होऊन पडतो, आणि त्याचा गुरू झांकी मेल्यानंतरही निषिद्ध मंत्राच्या बळावर त्याला उभं करण्यासाठी परत येतो. हे इनोउएंच्या काळातलं. ताकातेरांच्या भागांत सगळेच एकमेकांशी इतके गोड वागतात की कोणाचं काही पणालाच लागत नाही.

रानभूत
झांकीचे भाग उत्तमच. पण त्यासोबत किरिया क्योसुके हा नवा पोरगा गळ्यात पडला ना! आल्या दिवसापासून शेखी मिरवणारा, आसुमूला टोमणे मारणारा. शांत मालिकेत कोणीतरी मुद्दाम भांडखोर भाडेकरू आणून ठेवावा तसा.

झांकी_फॅन
तो आला म्हणून तर आसुमूला निवड करावी लागली! शेवटी किरिया ओनी होतो आणि आसुमू वैद्यकीच्या वाटेने जातो. नायकाजवळ वर्षभर राहून पोरगा नायक न होता स्वतःचं काम शोधतो, हे तुमच्याच लाडक्या पूर्वार्धाचं फळ. ते पिकवलं इनोउएंनी.

रानभूत
निवड पटली. ती ज्या घाईने उरकली ती नाही.

तिरकस_तात्या
घाई? अहो, ओरोची-ओरोची (राक्षसांचा महाउद्रेक) म्हणून भीती घातली, हिबिकी राक्षसांच्या झुंडीत उतरला, आणि थेट 'एका वर्षानंतर'! लढाई गेली कुठे? निर्माता कोणीही असो, सत्तेचाळीस आठवडे थांबलेल्या पोराला हे द्यायचं नसतं.