एका चालीत मात, पण चाल सापडत नाही

तिरका उंट: रोज झोपण्याआधी बुद्धिबळाची, एका चालीत मात करायची पाच कोडी सोडवतो. साधी पटापट सुटतात, पण मुद्दाम चकवायला रचलेलं कोडं आलं की गाडी अडते. कालचं बघा. पांढऱ्याचा राजा ए१वर (अक्षर म्हणजे उभी पट्टी, अंक म्हणजे आडवी रांग) आणि एकच प्यादं एफ७वर. काळ्याचा राजा एच७, घोडा जी८, हत्ती एच८, प्यादी जी७ आणि एच६. चाल पांढऱ्याची. एफ८ला वजीर केला तर शहच बसत नाही. जी८चा घोडा मारून वजीर केला तर राजा तो खातो. वीस मिनिटं घालवली. उत्तर अजून उघडलेलं नाही आणि नुसतं उत्तर मला नकोच आहे. तुम्ही सुरुवात कुठून करता, ते सांगा.

सातवी रांग: काळ्या राजापासून. आपली मोहरी आधी बघितली की आपण नुसते शह शोधत बसतो. राजाला पळायला कुठली घरं आहेत ते मोजा. जी८, एच८, जी७, एच६ त्याच्याच माणसांनी अडवली आहेत. उरलं फक्त जी६. म्हणजे एच७ला शह देणारी आणि त्याच वेळी जी६ धरून ठेवणारी चाल हवी. एफ८वरून ही दोन्ही घरं एकदम कोण मारतं?

तिरका उंट: घोडा! प्यादं शेवटच्या रांगेत गेलं की त्याचा घोडाही करता येतो, पण माझा हात आपोआप वजिराकडे जातो, तिथेच फसलो. आणि त्या घोड्याला खायला कुणीच नाही. जी७चं प्यादं मागे मारत नाही, हत्तीच्या वाटेत त्याचाच घोडा उभा.

सातवी रांग: अगदी बरोबर. आणखी एक तपासत जा: मात देणाऱ्या मोहऱ्याला जे मारू शकेल असं वाटतं, ते पिन झालेलं, म्हणजे हललं तर मागच्या राजाला शह बसेल असं अडकलेलं, तर नाही ना? बऱ्याच कोड्यांची खरी मेख तिथेच असते.

शांत प्यादं: एन पासाँ, म्हणजे दोन घरं सरकलेल्या प्याद्याला लगेचच्या चालीत शेजारच्या प्याद्याने, ते एकच घर सरकल्यासारखं मारणं, विसरू नका. पण रचलेल्या कोड्यात ते तेव्हाच चालतं, जेव्हा काळ्याची आधीची चाल त्या प्याद्याची दोन घरांचीच होती असं पटावरच्या स्थितीवरून सिद्ध होतं. कॅसलिंगचं (राजा आणि हत्तीची एकत्र चाल) उलटं: ते शक्य नव्हतं असं सिद्ध होईपर्यंत चालतं. हा फरक कळल्यावर माझी कितीतरी अडलेली कोडी सुटली.

आणि वीस मिनिटांचं वाईट वाटून घेऊ नका. 2006 साली बॉनला डीप फ्रिट्झ या संगणक-प्रोग्रॅमविरुद्ध क्रॅमनिक काळ्याकडून खेळत होता, तेव्हाचा जगज्जेता. एका चालीत बसणारी मात त्याला दिसली नाही. वजीर एच७वर आला आणि डाव संपला. त्या वजिराला जोर होता एफ८वरच्या घोड्याचा.

तिरका उंट: पुन्हा एफ८चा घोडा! तो डाव आजच पटावर मांडतो.