मदत हवी आहे: तारांमधल्या अंतराला जुळणारा ब्रिज पिकअप कोणता घ्यावा?

माझ्या इलेक्ट्रिक गिटारला दोन हंबकर (दोन कॉइलचे पिकअप, म्हणजे तारांचं कंपन विजेच्या सिग्नलमध्ये बदलणारे भाग) आहेत आणि ट्रेमोलो ब्रिज (तारांचं खालचं टोक धरणारा, दांड्याने हलवता येणारा भाग) आहे. ब्रिजजवळचा पिकअप बदलायचा आहे, पण अंतराचं गणित नीट जमत नाहीये.

काल पट्टी घेऊन बसलो. पहिल्या तारेच्या मध्यापासून सहाव्या तारेच्या मध्यापर्यंत ब्रिजच्या सॅडलवर (तारा जिथे टेकतात तिथे) ५४ मिमी भरतात, ब्रिज पिकअपच्या वर साधारण ५२.५ आणि नेक पिकअपवर (गिटारच्या मानेजवळच्या) ४९ च्या आसपास. तारा नटकडे (मानेच्या वरच्या टोकाच्या खाचांच्या पट्टीकडे) जवळ येत जातात, त्यामुळे हा फरक समजतो. पण आत्ताच्या ब्रिज पिकअपवर प्रत्येक तारेखाली जो एकेक स्क्रू असतो, त्यातले दोन टोकांचे स्क्रू ४९ मिमीवरच आहेत! वरून पाहिलं की पहिली तार स्क्रूच्या डोक्यावरून जात नाही, त्याच्या कडेला लटकल्यासारखी दिसते. बेंड करताना (तार बोटाने आडवी ओढताना) तिचा आवाज किंचित पडतो असंही वाटतं, अर्थात हे डोळ्यांनी पाहिल्यामुळे कानाला वाटत असेल.

रुंद अंतराच्या पिकअपपैकी डिमार्झिओ कंपनीचा एफ-स्पेस्ड साधारण ५१ मिमीचा आहे, सेमूर डंकनचा ट्रेमबकर ५२.५ च्या जवळ. आकड्यांवरून ट्रेमबकर बरोबर बसतो. पण तारेमागे पाऊण मिमीचा फरक खरंच ऐकू येतो का? की सरळ रेल्सवाला (स्क्रूंऐवजी सलग पट्ट्या असलेला) पिकअप घ्यावा, म्हणजे अंतराचा प्रश्नच मिटेल? रेल्सचा आवाज मात्र मला जरा सपाट वाटतो.

नेकचा पिकअप मला फार आवडतो, तो तसाच ठेवणार आहे. ज्यांनी ४९ चा काढून रुंद अंतराचा बसवलाय, त्यांनी पहिल्या तारेत काय फरक पडला ते जरूर सांगा.