क्रेडिट सगळी जमा, तरी प्रवेश अडला : हे सॉफ्टवेअर नक्की मोजतं काय?

खाडीपल्याड
भाचा मुंबईतल्या एका स्वायत्त कॉलेजात बी.एस्सी.ला होता. वडील अंथरुणाला खिळले म्हणून दुसऱ्या वर्षाला घराजवळ, रत्नागिरी जिल्ह्यात यायचं ठरलं. विद्यापीठ तेच, त्यामुळे आम्ही निर्धास्त. कॉलेज बदलायचं नियोजन करणारं एक सॉफ्टवेअर मिळालं, त्यात सगळं भरलं. ४४ पैकी ४४ क्रेडिट (विषय पास झाला की जमा होणारे श्रेयांक), हिरवी खूण. प्रवेशाच्या टेबलाशी गेल्यावर कळलं की त्याचा मायनर (मुख्य विषयाच्या जोडीचा दुय्यम विषय) इथे शिकवतच नाहीत आणि ओपन इलेक्टिव्हही (आपल्या शाखेबाहेरचा निवडीचा विषय) भलत्याच गटात मोडतो. तिकीट खिशात, पण गाडी आपल्या स्टेशनला थांबतच नाही!

माझं म्हणणं एवढंच : बेरीज दाखवू नका, विषयासमोर विषय दाखवा. आधी कुणाचा हा विषय इथे मान्य झाला होता का, कोणत्या वर्षी, ते लिहा. आणि माहीत नसेल तिथे हिरवं करू नका, 'कॉलेजात विचारा' असं सांगा.

सड्यावरचा
ॲकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स २०२१ पासून आहे की. क्रेडिट तिथे जमा होतात, सात वर्षांपर्यंत टिकतात. आणखी एक सॉफ्टवेअर कशाला?

खाडीपल्याड
ते पासबुक झालं. शिल्लक कळते, ती कुठे चालेल ते कळत नाही.

टेबल नंबर तीन
मी त्याच टेबलाच्या पलीकडे बसतो (तुमच्या भाच्याच्या कॉलेजात नाही, घाबरू नका). विषयाचं नाव सारखं म्हणजे विषय सारखा, असं नसतं. स्वायत्त कॉलेजं अभ्यासक्रम स्वतः ठरवतात. दोन्हीकडे 'सांख्यिकी' लिहिलेलं असतं. एकीकडे संभाव्यता पहिल्या सत्रात उरकलेली, दुसरीकडे ती तिसऱ्यात. आमचे सर दोन्ही अभ्यासक्रम शेजारी ठेवून घटकवार वाचतात, मग सही करतात.

आता जुने निर्णय सगळ्यांना दिसायला लागले तर काय होईल सांगतो. 'त्याचं केलंत, माझं का नाही' म्हणत जून महिन्यात मोबाईल घेऊन रांग लागेल. आणि सर पुढच्या वेळी अडलेल्या पोराला सांभाळून घेणार नाहीत, कारण आज दिलेली सवलत उद्या नियम म्हणून तोंडावर येईल. आज थोडी माणुसकी चालते ती कपाट बंद आहे म्हणून.

वेंगुर्ल्याचा, सध्या सॅन होजे
इथे कॅलिफोर्नियात 'असिस्ट' नावाची व्यवस्था आहे, १९८५ पासूनची. कम्युनिटी कॉलेजातला कोणता विषय विद्यापीठात कशाच्या बदली चालतो ते त्यात वर्षनिहाय दिसतं. जोड नसेल तर तसं सरळ लिहिलेलं असतं. ही जुळवणी कॉम्प्युटर करत नाही, ज्या विद्यापीठात जायचं तिथले प्राध्यापक करतात. सॉफ्टवेअर फक्त फळा आहे.

सड्यावरचा
तिकडची ११६ कम्युनिटी कॉलेजं एका सार्वजनिक व्यवस्थेत आहेत. इथे बांद्याचं पोर गोव्यात जातं, कणकवलीचं घाट चढून कोल्हापूरला. प्रत्येक विद्यापीठाचं अभ्यास मंडळ निराळं. कोण कोणाशी करार करणार?

वेंगुर्ल्याचा, सध्या सॅन होजे
सगळ्यांनी सगळ्यांशी कशाला? पोरं जातात त्या वाटा मोजक्याच आहेत. तेवढ्यांपासून सुरुवात करा.

माडाखाली
आमच्या वाडीत एकच टॉवर, तो पण पावसात झोपता. खयचा सॉफ्टवेअर नि खयचा काय. निदान एका पानाचो कागद छापून येऊंदे, एसटीत बसून वाचूक गावात.

खाडीपल्याड
माडाखाली, कागदाचं शंभर टक्के पटलं. त्यावर अडलेले विषय वर हवेत, जमलेले खाली. घरची माणसं पहिल्या दोन ओळीच वाचतात.

टेबल नंबर तीन, तुमची माणुसकी ओळखीच्याला मिळते हो. माझ्या भाच्याला नाही मिळाली, कारण आम्ही त्या सरांना ओळखत नव्हतो. बंद कपाटाचा फायदा नेहमी किल्ली माहीत असलेल्यालाच. रांगेची भीती मात्र खरी आहे. मग मुलाचं नाव नको, फक्त दोन विषय, दोन्ही अभ्यासक्रमांची वर्षं आणि निर्णय. अभ्यासक्रम बदलला की ती नोंद आपोआप 'जुनी' दिसावी. खास सवलत दिली असेल तर ती नोंदीत घालूच नका.

टेबल नंबर तीन
सवलत वगळणार असाल तर माझी अर्धी तक्रार मिटली. उरलेली अर्धी ऐका. हे सगळे निर्णय फायलीत आहेत, हस्ताक्षरात, काही पानांना वाळवी. एक्सेलसुद्धा नाही. भरणार कोण? प्रवेश, परीक्षा अर्ज, शिष्यवृत्ती, सगळं आम्हा दोघांवर.

खाडीपल्याड
भाचा रिकामाच आहे, मायनरचं ठरेपर्यंत. पाठवू?

टेबल नंबर तीन
पाठवा. प्राचार्यांना मी विचारतो. येताना मास्क आणायला सांगा, त्या कपाटात धूळ फार आहे.