लाँग डार्कमध्ये पाचवा दिवस उजाडतच नाही, सल्ला हवा

लष्करकर:
मंडळी, ग्वाल्हेरहून लिहितोय. रात्रीचे साडेअकरा वाजलेत, धुकं इतकं की समोरच्या घराचा दिवा दिसत नाही. अंगावर रजाई, मांडीवर लॅपटॉप, आणि मी थंडीने मरतोय. गेममध्ये.

'द लाँग डार्क' हा बर्फाळ रानात जिवंत राहायचा गेम मागच्या महिन्यात घेतला. व्हॉयेजर म्हणजे मधली लेव्हल, सुरुवात मिस्टरी लेक या भागात. सहा वेळा खेळलो, सहाही वेळा पाचव्या दिवसाच्या आत खलास. मेलो की सेव्ह पण पुसली गेली, म्हणजे दर वेळी पुन्हा श्रीगणेशा. दोनदा लांडगा, एकदा तळ्यावरचा पातळ बर्फ, आणि तीनदा नुसता गारठून. बरं, सामान नव्हतं असंही नाही. डबाबंद खाणं, औषधं, हातोडा, जे दिसेल ते उचललं होतं. शेवटच्या वेळी पिशवीत 18 आगकाड्या शिल्लक असताना मेलो!

नेमकं चुकतंय कुठे? कथेचा भाग नको, मला सर्व्हायव्हलच खेळायचंय.

टिंबटिंब:
पिलग्रिमवर, म्हणजे सगळ्यात सोप्या लेव्हलवर खेळा. तिथे लांडगेच तुम्हाला घाबरून पळतात.

लष्करकर:
खेळून पाहिलं. पण मग ते बर्फातलं मॉर्निंग वॉक होतं हो.

जुनी_गोधडी:
18 काड्या शिल्लक ठेवून मेलात, यातच उत्तर आलं. काटकसर चुकीच्या जागी केलीत.

या गेममध्ये चार गोष्टी सांभाळायच्या असतात: ऊब, थकवा, तहान, भूक. नवा माणूस भुकेमागे धावतो, कारण आपल्या घरी तेच शिकवलेलं असतं. पण इथे भूक सगळ्यात सावकाश मारते. तहान त्याहून लवकर, आणि गारठा काही तासांत. त्यामुळे घराबाहेर पडताना पहिला प्रश्न "खायला काय आहे" हा नाही, "ऊब मिळेल अशी पुढची जागा किती लांब आहे" हा.

दुसरं, ओझं. 30 किलोच्या वर गेलात की चाल मंदावते. मंद चाल म्हणजे वाऱ्यात जास्त वेळ, आणि उतारावर पाय मुरगळतो तो वेगळाच. हातोडा कशाला घेऊन फिरता? तो भट्टीवर लोखंड ठोकायला लागतो, ते काम तुमच्या वाट्याला एवढ्यात येणार नाही. तळ्याकाठच्या कॅम्प ऑफिसला मुक्काम करा, सगळं तिथे टाका आणि हलके होऊन फिरा.

तिसरं म्हणजे कपडे, आणि इथे ग्वाल्हेरच्या माणसाला शिकवायला नको खरं तर. पहाटे स्कूटरवर निघालं की थंडी कशाने वाजते? पाऱ्याने कमी, वाऱ्याने जास्त. गेममध्येही तसंच आहे. प्रत्येक कपड्याला ऊब वेगळी आणि वारा अडवायची ताकद वेगळी. लोकरीचं आत, वारा अडवणारं बाहेर. हिमवादळात कपडे भिजतात आणि मग गोठतात, तेव्हा आत आल्याबरोबर ओले कपडे काढून आगीजवळ टाका. अंगावर तसेच ठेवून झोपलात तर सकाळी रडाल.

आणि एकदा आग पेटवली की तिच्याकडून सगळी कामं करून घ्या. बर्फ वितळवा, ते पाणी उकळा, मांस शिजवा, कपडे वाळवा. नुसती शेकत बसायला आग लावणं म्हणजे एका कप चहासाठी लग्नाचा चुलाणा पेटवणं.

पाणकणीस:
गोधडींशी सहमत, पण काड्या मात्र जपाच. पेटत्या आगीतून मशाल उचलता येते, आणि त्या मशालीने पुढची आग. फक्त वाऱ्यात विझते, म्हणून खडकाच्या किंवा भिंतीच्या आडोशाला. आकाश निरभ्र असेल आणि भिंग सापडलेलं असेल, तर उन्हानेच आग पेटते, काडी शून्य. मी दुपारी बाराच्या सुमाराला मुद्दाम बाहेर आग लावून दोन दिवसांचं पाणी करून घेतो.

कोळसा दिसला तर सोडू नका. त्याने आग सुरू होत नाही, आधी लाकूड थोडं जळू द्यावं लागतं, पण मग उष्णता जोरदार. गुहांमध्ये हमखास मिळतो.

माझं नाव ज्यावरून घेतलंय तेही सांगतो. तळ्यांच्या आणि ओढ्यांच्या काठाला तपकिरी कणसांचं गवत दिसेल, तेच पाणकणीस. दांडा खायला, 150 कॅलरी, वजन नगण्य, कधी सडत नाही. वरचं कणीस आग पेटवायला. डबे उचलण्याआधी हे उचला.

जुनी_गोधडी:
भिंगाचं मान्य. पण व्हॉयेजरवर काड्या पुरेशा मिळतात. माणूस गारठत असताना काडी मोजत बसू नये, एवढंच म्हणतोय.

बडोदेकर_मावशी:
आमच्या बडोद्यात स्वेटर आठ दिवस निघतो, तरी या गेममध्ये माझे दीडशे दिवस झालेत, तेव्हा थोडं मीही बोलते. 😊

लांडगा दिसला की पळू नकोस बाळा, तो तुझ्याहून वेगवान आहे. पिशवीत कच्चं मांस असलं की त्याचा वास लांबवर जातो. एक तुकडा खाली टाकायचा, तो त्यावर तोंड घालतो, तेवढ्यात तू सरक. हातात पेटती मशाल असली तरी बऱ्याचदा बिचकतो. पण ज्या रात्री आकाशात ध्रुवीय प्रकाशाचे हिरवे पडदे हलतात त्या रात्री बाहेर जाऊच नकोस, तेव्हा ते भलतेच चवताळलेले असतात.

तळ्यावर बर्फ करकरला की आल्या पावली मागे. आणि वादळाची चिन्हं दिसली की "अजून एक घर बघून येतो" म्हणायचं नाही. माझे सगळे मृत्यू त्या एका वाक्याने झालेत.

एक विषय सोडून: गेममध्ये गुहेत शेकोटी, घरात शेगडी चालते, धुराने काही होत नाही. तुमच्याकडे थंडीत खोलीत सिगडी घेऊन झोपतात ना, ते मात्र करू नका. दारं-खिडक्या बंद असताना कोळशाच्या वायूने माणसं झोपेत जातात.

लष्करकर:
मावशी, सिगडी अंगणातच असते, आजी आत येऊ देत नाही.

सगळ्यांना धन्यवाद, आजपासून सातवा डाव.

लष्करकर: (नऊ दिवसांनी)
अपडेट. दिवस 26 वा!! हातोडा टाकला, डबे कॅम्प ऑफिसात रचले, सकाळी निघून दुपारी परत. दगड मारून ससे पकडायला शिकलो. हरणाचं कातडं पाच दिवस वाळवून बूट शिवायला घेतलेत. विझलेल्या आगीतला कोळसा घेऊन नकाशाही काढला.

पण आता नवीनच भानगड. हिमवादळ, मग धुकं, मग परत वादळ, म्हणून सलग आतच राहिलो. तर आता गेम म्हणतोय केबिन फीवर, म्हणजे घरात कोंडून राहण्याचा आजार, घरात झोपताच येणार नाही! इतकं सांभाळून खेळलो त्याची ही शिक्षा?

बडोदेकर_मावशी:
घरकोंबडा झालास रे. ऑफिससमोर तळ्यावर मासेमारीच्या झोपड्या आहेत, आत छोटी शेगडी असते. ती बाहेरच धरली जाते. लाकूड भरपूर ने, अंथरूण ने, बर्फाला भोक पाडून दिवसभर मासे धर आणि तिथेच झोप.

पाणकणीस:
आणि निघताना लांडगे कुठे आहेत बघून निघा. माशांचाही वास येतो.

लष्करकर:
निघालो. इकडे आईपण तेच म्हणतेय, चार दिवस घरातून हलला नाहीस, मेळा लागलाय, जाऊन गजक (तिळाची मिठाई) तरी घेऊन ये. आधी मासे, मग गजक.

टिंबटिंब:
झोपडीत झोपण्याआधी आग किती तास पुरेल ते बघा. मी बघितलं नव्हतं.